वेगदेवतेचा नैवेद्य

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांची मोटरसायकल बिघडवली. या लेखाची सुरुवात तिथून होते.

त्याचं असं झालं. आय. सी. इंजिन्सच्या पेपरात मला झकास मार्क पडले होते. ऑटो सायकल, डिझेल सायकल, व्हॉल्व्ह टायमिंग डायग्राम, सगळं तोंडपाठ! घरी गेल्यावर आईनं शेजारीपाजारी सांगून झालं आणि बाबा सहज म्हणाले की गाडीचं ऑइल बदलायचं राहिलंय, आता घरातच इंजिनिअर आहे तर गॅरेजवाल्याला कशाला पैसे द्यायचे? मी काय, एका पायावर तयार. अंगणात पोतं अंथरलं, जुनं ऑइल घमेल्यात काढलं, आणि ड्रेन बोल्ट परत कसला. गळायला नको म्हणून पान्ह्याला पाइप लावून अजून थोडा कसला. बोल्ट जड जड होत गेला आणि मग अचानक लोण्यासारखा हलका फिरायला लागला. ज्यांनी हे कधी अनुभवलंय त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. आटे गेले होते! बोल्ट बाहेर काढला तर इंजिनच्या ॲल्युमिनियमचे आटे स्प्रिंगसारखे त्याला गुंडाळून आले.

भाऊबीज झाली, कंपनी सुरू झाली, पण गॅरेज अजून बंदच. बाबांची एमआयडीसीत पहिली पाळी असते. चार दिवस ते पहाटेच्या एस.टी.ने गेले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. पुढे गॅरेजवाल्यानं मोठ्या मापाचे आटे पाडून नवा बोल्ट बसवला, आणि तो गेलेला बोल्ट मी खिशात घालून हॉस्टेलवर आलो. पान्हा पुन्हा हातात धरायचा नाही असं मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढच्या वर्षी डिग्री मिळणार मेकॅनिकलची, आणि हा निश्चय!

त्याच आठवड्यात रूम पार्टनरच्या लॅपटॉपवर 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' नावाचा २००५ सालचा सिनेमा बघितला. नावावरून मला वाटलं आपला कुणी तरी भारतीय धावपटू असणार. निघाला न्यूझीलंडचा एक म्हातारा! 'इंडियन' हे त्याच्या मोटरसायकलच्या अमेरिकन कंपनीचं नाव. सिनेमात तिखटमीठ असणारच, म्हणून या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. वाचून झाल्यावर निश्चय मोडला. तो का मोडला, ते सांगण्यासाठी ही गोष्ट.

बर्ट मन्रोचा जन्म २५ मार्च १८९९ चा. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे गाव आहे, त्याच्या जवळच्या एडनडेल भागात वडिलांची शेती होती. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण वाचली नाही, आणि डॉक्टरांनी हा मुलगाही दोन वर्षांपेक्षा जास्त जगणार नाही असे सांगून ठेवले होते. मुलगा अठ्ठ्याहत्तर वर्षे जगला. शेतावर वाढलेला, त्यामुळे अवजारे हाताळण्याची सवय लहानपणापासूनची. पण नांगरापेक्षा इंजिनात जीव जास्त. कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून पाहिले नाही.

१९२० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने एक कोरी इंडियन स्काऊट घेतली. सहाशे सीसीचे व्ही-ट्विन इंजिन, साइड व्हॉल्व्ह, तीन गिअर. फॅक्टरीचा हिशेब असा की ही गाडी ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८९ किलोमीटर पळावी. त्या काळी ते भरपूर होते. बर्टला मात्र ते पुरले नाही. १९२६ च्या सुमारास त्याने गाडी उघडायला सुरुवात केली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तो ती उघडतच राहिला. आपण दोन वर्षांत मोबाइल बदलतो राव! या माणसाने आयुष्यभर एकच गाडी वापरली आणि तिच्यातले जवळजवळ सगळे बदलले.

त्याच्या जोडीला १९३६ सालची एक वेलोसेटही होती. तिच्यावरही प्रयोग चालत. रेसच्या टायरची नक्षी तो सुरीने तासून काढत असे, कारण सरळ रेषेत पळवायला गुळगुळीत टायर हवे होते आणि तसले विकत घ्यायला पैसे नव्हते.

पैसे नसणे हीच या गोष्टीची किल्ली आहे. बर्ट पोटासाठी मोटरसायकली विकायचा आणि दुरुस्त करायचा. मध्यंतरी काही वर्षे तो ऑस्ट्रेलियात होता, मग जागतिक मंदीच्या काळात परत गावी आला. रेसचे सुटे भाग मागवणे त्याच्या खिशाला परवडणारे नव्हते. आणि समजा परवडले असते तरी त्याला हवे ते भाग कुठल्याच दुकानात मिळत नव्हते, कारण ते जगात कुणी बनवलेच नव्हते. मग त्याने ते घरी बनवले.

घरी म्हणजे अक्षरशः घरी. जुन्या डब्यांत ओतकाम करून त्याने भाग तयार केले. पिस्टन स्वतः ओतले, सिलिंडरचे बॅरल स्वतः बनवले, फ्लायव्हील बनवले. कनेक्टिंग रॉड तर ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलमधून हाताने कोरून काढले आणि त्यांना पाणीही स्वतःच दिले. वर्कशॉपच्या तासाला एक मऊ लोखंडाचा चौकोन कानशीने घासून काटकोनात आणताना आपली काय दशा होते ती आठवा, म्हणजे ॲक्सलमधून कनेक्टिंग रॉड काढणे काय असते ते कळेल. शिवाय तो रॉड मिनिटाला हजारो वेळा ओढला आणि दाबला जाणार, आणि चालवणारा त्याच्याच वर बसलेला!

मायक्रोमीटरच्या जागी तो चाकाची एक जुनी तार वापरायचा असे त्याच्याबद्दल सांगतात. हे वाचून मला आधी हसू आले. आमच्या मेट्रॉलॉजी लॅबला काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली उपकरणे आठवली. नंतर लक्षात आले की मापायचे म्हणजे तुलनाच करायची असते. तार बरोबर घासलेली असेल आणि हाताला फरक कळत असेल तर तीही काम करते. पण हाताला फरक कळायला वर्षे लागतात. आपण याला पटकन जुगाड म्हणून मोकळे होऊ. माझ्या मते तो जुगाड नव्हता. जुगाड वेळ मारून नेतो. बर्ट वेळ मारून नेत नव्हता, एकच काम चुकेल तितक्या वेळा पुन्हा करत होता.

सगळ्यात मोठा बदल इंजिनच्या डोक्यात केला. स्काऊटचे मूळ इंजिन साइड व्हॉल्व्ह. यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला बसतात, त्यामुळे ज्वलनाची जागा बाजूला पसरट होते. मिश्रणाला वळसा घेऊन आत यावे लागते आणि कॉम्प्रेशन रेशो फारसा वाढवता येत नाही. बर्टने ते इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचे केले. मूळ दोन कॅमऐवजी चार कॅमची रचना स्वतः बसवली. इंजिनची क्षमताही वाढवत नेली. सहाशेचे साडेआठशे, मग नऊशेच्या वर, शेवटी साडेनऊशे सीसी. विचार करा, १९२० च्या क्रँककेसमध्ये!

अर्थात इंजिने फुटत होती. पिस्टन वितळत होते, रॉड मोडून क्रँककेस फोडून बाहेर येत होते. आणि इथेच मला आवडलेली गोष्ट आहे. बर्टने मोडलेले भाग फेकले नाहीत. शेडमध्ये एक फळी होती, तिच्यावर ते सगळे ओळीने मांडून ठेवले होते, आणि वर लिहिले होते की हा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे. जळके पिस्टन, वाकडे रॉड, तुटके व्हॉल्व्ह. आपल्याकडे नापास झालेला पेपर कुणी भिंतीला लावतो का? बर्टने आपले सगळे नापास पेपर भिंतीला लावले होते आणि रोज त्यांच्याकडे बघत तो पुढचा भाग बनवत होता.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती आरती होईल. बर्टचे लग्न झाले होते, चार मुले होती. १९४७ मध्ये नवराबायको वेगळे झाले. चाळिशीच्या दशकाच्या शेवटी त्याने नोकरी सोडली आणि तो शेडमध्येच राहायला लागला. गाडीशेजारी कॉट, तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. घरचे काय म्हणत असतील हे वेगळे सांगायला नको. शरीराचेही तेच. १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियात तो मोठ्या वेगात पडला. १९३७ मध्ये ओरेटी बीचवर दुसऱ्या स्पर्धकाशी धडक होऊन दात गेले. पन्नाशीच्या दशकात हृदयाचे दुखणे मागे लागले. वेगाच्या देवाच्या फळीवर फक्त लोखंड नव्हते, असे म्हणायला हरकत नाही.

ओरेटी बीच ही त्याची प्रयोगशाळा. इन्व्हरकार्गिलजवळची समुद्राची लांबलचक, सपाट, घट्ट वाळू. १९४० मध्ये त्याने ताशी १२०.८ मैलांचा न्यूझीलंडचा विक्रम केला, १९५७ मध्ये बीचवर १३१.३८ मैलांचा. बहुतेक माणसे इथे थांबली असती. वय अठ्ठावन्न, छातीत दुखते, देशात नाव झालेले. पण बर्टला त्याच्या गाडीची हद्द बघायची होती, आणि त्यासाठी बीच अपुरा होता. जगात त्यासाठी एक खास जागा होती, अमेरिकेतल्या युटा राज्यातले बॉनेव्हिलचे मिठाचे मैदान. वाळलेल्या सरोवराचे पांढरेशुभ्र तळ, नजर जाईल तिथपर्यंत सपाट.

पहिल्यांदा तो तिथे नुसता बघायला गेला. मग गाडी घेऊन नऊ वेळा गेला. एवढा मोठा समुद्र ओलांडून, काटकसरीच्या पैशांत. दुसरीकडे कंपन्यांचे आणि श्रीमंत हौशी लोकांचे संघ, आणि यांच्यामध्ये हा साठी ओलांडलेला एकटा माणूस, चाळीस वर्षांपूर्वीची गाडी घेऊन.

इथे जरा गणित करूया, कारण आपण इंजिनिअर आहोत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो, आणि त्या विरोधावर मात करायला लागणारी पॉवर वेगाच्या घनात. ८९ किलोमीटरवरून साधारण २९६ वर जायचे म्हणजे वेग सव्वातीन पटींपेक्षा थोडा जास्त. त्याचा घन करा, सदतीस पट येते! नुसते इंजिन सुधारून सदतीस पट पॉवर कुठून आणणार? म्हणून बर्टने गाडीवर माशाच्या आकाराचे कवच चढवले. आधी ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून, मग फायबरग्लासचे. चालवणारा त्यात पालथा पडल्यासारखा झोपायचा. कवचाने हवा कापली जाते, पण दुसरी पंचाईत होते. हवेच्या दाबाचा मध्य पुढे सरकला तर गाडी वेगात डुलायला लागते. बर्टने हा प्रश्न वर्गात नाही, मिठावर अंगाने सोडवला.

१९६२ मध्ये, वय त्रेसष्ट, त्याने साडेआठशे सीसीच्या इंजिनावर ताशी १७८.९५ मैल, म्हणजे २८८ किलोमीटरचा विश्वविक्रम केला. १९६६ मध्ये हजार सीसीखालच्या गटात १६८.०७ मैल. आणि १९६७ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, त्याच गटात १८३.५९ मैल. त्याच वर्षी पात्रता फेरीत एका दिशेची एक धाव १९०.०७ मैलांची, म्हणजे ३०५ किलोमीटरच्या वर झाली. एकदा तर तो दोनशे मैलांच्या पुढे गेला होता, पण ती धाव अधिकृत धरली गेली नाही. विक्रमासाठी दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढावी लागते, म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणालाही मिळत नाही. ज्या गाडीला फॅक्टरीने ५५ मैलांची म्हटले होते, तिचे हे आकडे.

नंतर मात्र शरीराने साथ सोडली. १९७५ मध्ये स्पर्धा थांबल्या. १९७७ मध्ये अर्धांगाचा झटका आला आणि हातपाय पूर्वीसारखे चालेनात. तेव्हा त्याने दोन्ही गाड्या गावातल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या, कारण त्या आपल्या भागाबाहेर जाऊ नयेत असे त्याला वाटत होते. ६ जानेवारी १९७८ ला तो गेला. २००६ मध्ये अमेरिकन मोटरसायकल संघटनेच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले आणि त्याच वर्षी इन्व्हरकार्गिलमध्ये त्याच्या नावाने मोटरसायकल स्पर्धा सुरू झाल्या.

पण माझ्यासाठी सगळ्यात भारी भाग पुढे आहे. १९६७ च्या विक्रमाच्या हिशेबात संघटनेची आकडेमोड चुकली होती, हे बर्टचा मुलगा जॉन याच्या लक्षात आले. त्याने ते दाखवून दिले आणि २०१४ मध्ये, वडील जाऊन छत्तीस वर्षे झाल्यावर, विक्रम दुरुस्त झाला: १८४.०८७ मैल, म्हणजे २९६.२५९३ किलोमीटर. फरक किती, तर अर्ध्या मैलाचा. कुणाला वाटेल, एवढ्यासाठी काय? पण ज्या मुलाचे घर या गाडीपायी मोडले, त्यानेच बापाच्या खात्यावरचा अर्धा मैल परत मिळवून दिला. हे वाचताना मला पहाटेच्या एस.टी.ने जाणारे माझे बाबा आठवले. कारण विचाराल तर नीट सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो बोल्ट घेऊन वर्कशॉपमधल्या मामांकडे गेलो. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी बोल्ट चिमटीत धरून उजेडाकडे नेला, आटे बघितले आणि विचारलं की किती लांबीचा पाइप लावला होता. मी हातानं दाखवलं. मग त्यांनी मलाच हिशेब करायला लावला. पान्ह्याची लांबी अडीचपट केली, की तेवढ्याच जोरात टॉर्क अडीचपट. स्टीलचा बोल्ट तो सहन करील, ॲल्युमिनियम कशाला करेल? आणि गळती कसण्यानं थांबत नाही, खालच्या वायसरनं थांबते. तो वायसर मी बदललाच नव्हता! मेकॅनिक्सचे दोन पेपर पास झालेल्या माणसाला हे बारावी झालेल्या मामांनी सांगावं लागलं. त्यांनी मला भंगारातला ॲल्युमिनियमचा ठोकळा दिला आणि दहा भोकांना टॅपनं आटे पाडायला सांगितले. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मधे मधे तेल. पहिली चार भोकं वाया गेली. सातव्यापासून हाताला कळायला लागलं.

मित्रांनो, शेवटी एक सांगतो. आपल्या पार्किंगमध्येही मॉडिफिकेशनवाले खूप आहेत. सायलेन्सर कापायचा, आरसे काढायचे, हँडल बदलायचं, आणि रात्री दोन वाजता सगळ्या हॉस्टेलला उठवायचं. ते सगळं बाहेरून पैसे देऊन करून घेतलेलं असतं आणि रस्त्यावरच्या गाडीत असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याची परवानगीही नाही. त्यांच्यातल्या कितीजणांनी स्वतःच्या गाडीचा टॅपेट क्लिअरन्स फीलर गेजनं मोजलाय? साखळीचा ढिलेपणा तपासलाय? एअर फिल्टर उघडून बघितलाय? बर्टनं केलेला प्रत्येक बदल आधी त्याच्या स्वतःच्या हातातून गेला होता. पहिली पायरी मॅन्युअल वाचायची, दुसरी पायरी मापायची, आणि पाइप घरी ठेवायचा!

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा गाडीचं ऑइल पुन्हा बदलायला आलं होतं. मी भीत भीत विचारलं, की मी करू का. बाबा काही न बोलता आत गेले आणि पान्ह्यांचा डबा घेऊन आले. मग स्टूल टाकून, चहाचा कप हातात घेऊन शेजारी बसले. मी नवा वायसर घातला, बोल्ट आधी हातानं, मग पान्ह्यानं बेताचा कसला. इंजिन चालू करून दहा मिनिटं खाली पुठ्ठा ठेवला. पुठ्ठा कोरडा राहिला. बाबा पुठ्ठ्याकडे बघत होते, मी बाबांकडे. दुसऱ्या दिवशी ते त्याच गाडीवरून पहिल्या पाळीला गेले.

तो जुना बोल्ट अजून माझ्याकडे आहे. खोली नंबर सांगत नाही, पण आलात तर टेबलावरच्या फळीवर दिसेल. फळी अजून बरीच रिकामी आहे.